मुलगा शाळेत बोलायचाच बंद झालाय

वर्धेची | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, आज लिहायची वेळ आली.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. नवऱ्याची बदली झाली म्हणून मे महिन्यात पुण्यात आलो. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. घराजवळच्या सेमी-इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात त्याला मागच्या बाकावरून फळा दिसेना, म्हणून तो उभा राहून म्हणाला, "सर, मले दिसून नाही राह्यलं." वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "मले नाही, मला." सरांच्या मनात वाईट काही नसणार. पण त्या तासापासून माझ्या मुलाचं नावच 'मले' पडलं. "ए मले, इकडे ये." "मले आला रे." वहीवर त्याच्या नावाच्या जागी कुणीतरी पेनाने 'मले' लिहून ठेवलेलं मी पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

नंतर एकेक कळत गेलं. पीटीच्या तासाला गट पाडताना याला कुणी घेत नाही. डबा उघडला की दोघंतिघं वास घेऊन तोंडं वाकडी करतात. तो बाथरूमला गेला की बाहेरून दार धरून ठेवतात, बेल वाजेपर्यंत. त्यामुळे तो शाळेत पाणीच पीत नाही. रोज सकाळी भरून दिलेली बाटली तशीच भरलेली घरी येते. महिनाभर मी त्यालाच रागावत होते की पाणी का पीत नाहीस.

शाळेत जाऊन आले. वर्गशिक्षकांनी त्याला आणि त्या मुख्य मुलाला समोरासमोर बोलावलं, "चला, सॉरी म्हणा, हात मिळवा, आता मित्र" असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी दार आणखी जास्त वेळ धरलं गेलं, वर 'चुगलीखोर' हे नवीन नाव मिळालं.

सगळ्यात जास्त कशाने तुटले ते सांगते. दर रविवारी वर्ध्याला आजीला फोन असतो. आधी अर्धा तास दोघं बोलायची. आता हा 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच म्हणतो. आज आजी विचारत होती, "काहून रे बाप्पा, आजीवर रागावला का?" त्याने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेला.

नवरा म्हणतो, एकदा दोन ठेवून दे म्हणावं. मी म्हणते, लक्ष देऊ नकोस, थकतील आपोआप. दोन्ही चुकतंय असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल, कुणी शिक्षक असेल, तर सांगा.

---

घाटवाट | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

ताई, वाचून वाईट वाटलं. माझं मत तुमच्या मिस्टरांसारखं आहे. मुलं कमजोर दिसणाऱ्यालाच धरतात. त्याला कराटे लावा. एकदा ठणकावून उत्तर मिळालं की पुन्हा वाटेला जात नाहीत. माझ्या बाबतीत तरी असंच झालं होतं.

---

जुना_बाक | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

घाटवाट, तुमचं झालं असेल, माझं उलटं झालं. मी पाचवीपासून निवासी शाळेत होतो. आठवीतली चार मुलं आम्हा लहानांकडून कपडे धुऊन घ्यायची, अंथरुणावर पाणी टाकायची. घरून चिठ्ठी आली, "घाबरू नकोस, उलट मार." मी मारलं. एकाच्या ओठातून रक्त आलं. त्या रात्री सगळ्या खोलीने मला बाहेर काढलं आणि सकाळी वॉर्डनसमोर जखम त्याच्या तोंडावर होती, म्हणून शिक्षा मला झाली.

दोन सारख्या ताकदीच्या पोरांचं भांडण असेल तर उलट मारणं चालून जातं. इथे एक बाजूला एकटं पोर आणि दुसऱ्या बाजूला टोळकं आहे. तुम्ही त्याला मारायला सांगाल आणि त्याच्याकडून ते होणार नाही, तर तो घरीसुद्धा नापास होईल. मी त्यानंतर घरी काहीच सांगितलं नाही. चार वर्षं.

कराटे जरूर लावा, पण तिथे त्याला नवे मित्र मिळतील म्हणून.

---

फळाखडू | ४ ऑगस्ट, दुपारी ४:३५

वर्धेचीताई, मी शिक्षिका आहे. २४ वर्षं पाचवी ते आठवीला शिकवते. आधी एक स्पष्ट सांगते: हात मिळवायला लावणं ही आम्हा शिक्षकांची सगळ्यात जुनी चूक आहे. मीही पहिली कित्येक वर्षं हेच केलं. समोरासमोर आणलं की त्रास देणाऱ्याला एवढंच कळतं की तक्रार कुणी केली. आणि ज्याला त्रास झालाय त्याला, ज्याची भीती वाटते त्याच्याच डोळ्यांत बघून "काही नाही सर, मिटलं" असं म्हणावं लागतं. भांडण असेल तर समेट होतो. छळ हे भांडण नव्हे.

हा फरक ज्यांनी नीट मांडला ते नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस. त्यांनी १९७० च्या दशकातच मुलांमधल्या छळावर काम सुरू केलं होतं. पुढे १९८२ मध्ये उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं पुढे आलं, आणि १९८३ मध्ये त्या देशाने सगळ्या शाळांमध्ये मोहीम घेतली. ओल्वेयस यांच्या तीन खुणा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे अंगातली ताकदच असं नाही. संख्या, जुनेपणा, बापाची गाडी, इंग्रजी, गोरा रंग, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत 'पुण्याची भाषा'.

दुसरं म्हणजे जागा. मी तीन वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं. प्रत्येक शाळेत छळाच्या जागा त्याच: बाथरूम, जिन्याचं वळण, व्हॅनची मागची सीट, ऑफ तास, आणि पीटीच्या आधीची पाच मिनिटं. सगळ्या अशा, जिथे मोठं माणूस नसतं. आमच्याकडे आम्ही मधल्या सुट्टीत दोन शिक्षकांना बाथरूमच्या पॅसेजमध्ये डबा खायला बसवलं. एवढ्याने दार धरणं थांबलं. याला पैसा लागला नाही, एक टेबल लागलं. तुम्ही शाळेकडे पहिली मागणी हीच करा. "मुलाला त्रास होतोय" यावर शाळा "लक्ष ठेवतो" म्हणते. "मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमपाशी कोण असतं?" या प्रश्नाला नाव सांगावं लागतं.

तिसरं, तक्रारपेटी. शाळेत असेलच, असावी लागते. ती कुठे आहे बघा. आमची मुख्याध्यापकांच्या दारासमोर होती, शेजारी शिपायाचं स्टूल. वर्षभरात एक चिठ्ठी नाही. ग्रंथालयाच्या आत, कपाटाच्या आडोशाला नेली, आणि आठ दिवसांत चिठ्ठ्या आल्या.

आणि गट पाडणं. "चला, आपापले गट करा" असं म्हणणारे शिक्षक रोज एका मुलाला सगळ्यांसमोर शेवटचं उभं करतात. गट शिक्षकांनीच पाडावेत. मी सहामाहीत एकदा मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या देते: सहलीला बसमध्ये शेजारी कोण बसलेलं आवडेल, तीन नावं लिहा, मला सोडून कुणाला दाखवू नका. घरी जाऊन मोजते. ज्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही, ते मूल मला दुसऱ्या दिवशी वेगळं दिसायला लागतं. ज्याचं नाव सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांत आहे, त्याच्याशी मी बोलते. का, ते उद्या लिहिते, आता तपासायच्या वह्या आहेत.

---

तुर्कूवासी | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

फळाखडू, 'का' याचा अंदाज आला, कारण मी ज्या गावात राहतो तिथेच त्यावर काम झालंय. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला. फिनिशमध्ये किवा म्हणजे 'छान', आणि 'छळाविरुद्ध' या अर्थाच्या दोन फिनिश शब्दांच्या आद्याक्षरांतूनही तोच शब्द बनतो. माझ्या दोन्ही मुली त्या शाळांतून गेल्या.

साल्मिवालीबाईंनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की छळ दोघांत घडत नाही, अख्ख्या वर्गात घडतो. एक करणारा असतो. त्याला हात देणारे एक-दोघं. हसून हवा देणारे काही. मान वळवून लांब राहणारे पुष्कळ. आणि ज्याला त्रास होतोय त्याच्या बाजूने उभे राहणारे थोडे. करणाऱ्याला जे हवं असतं, ते त्रास सोसणाऱ्या मुलाकडून मिळतच नाही. ते मिळतं हसणाऱ्यांकडून. वर्गातला मान. त्यामुळे हसणं आटलं की त्याची गोडीच जाते.

किवामध्ये पहिली, चौथी आणि सातवीला यावर वर्गात तास घेतात. मधल्या सुट्टीत मैदानावरचे शिक्षक लांबून ओळखू येणारं जाकीट घालतात. आणि एखादं प्रकरण कळलं, तर नेमलेले शिक्षक आधी त्रास झालेल्या मुलाशी, मग करणाऱ्यांशी एकेकट्याने बोलतात. शिवाय वर्गशिक्षक वर्गातल्या दोन ते चार अशा मुलांना वेगळं बोलावतात, जी मनाने चांगली आहेत आणि वर्गात ज्यांचा शब्द चालतो. त्यांना म्हणतात, याला सध्या जड जातंय, तुम्ही काय करू शकाल? तुमच्या चिठ्ठ्यांचं हेच ना?

२००७ ते २००९ या काळात तिथल्या २३४ शाळांमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. छळ कमी झाला. संपला नाही, जादू नाही ती. वरच्या वर्गांत लहानांपेक्षा कमी फरक पडला.

कॅनडातला आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर माइक लावून त्यांनी बघितलं. २००१ मध्ये तो छापून आला. छळाच्या दर १०० प्रसंगांत ८८ वेळा आसपास इतर मुलं होती. त्यातली कुणी मध्ये पडली ती फक्त १९ वेळा. पण मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत ते थांबलं. दहा सेकंद. मी हे माझ्या मोठीला सांगितलं होतं, ती आठवीत असताना. ती म्हणाली, "बाबा, पण पहिलं सेकंद फार कठीण असतं." बरोबर आहे तिचं. म्हणून ते एका मुलावर सोडायचं नसतं, तिघांना मिळून करायला सांगायचं असतं.

---

फळाखडू | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

अगदी हेच. मला फिनलंडचं नाव माहीत नव्हतं, चिठ्ठ्या मात्र एका निवृत्त बाईंनी शिकवल्या होत्या. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तोतरी. तिची नक्कल व्हायची. मी वर्गाची कॅप्टन आणि कबड्डीतली एक मुलगी अशा दोघींना बोलावलं. भाषण दिलं नाही. विचारलं, "ती बोलताना वर्ग हसतो तेव्हा तुम्ही काय करता?" कॅप्टन रडायला लागली, कारण ती हसायची. मी रागावले नाही. पुढच्या वेळी नक्कल झाली तेव्हा कॅप्टन हसली नाही. बस. मागे वळून तिच्याकडे बघणारी सहा पोरंही हसली नाहीत.

ताई, तुमच्या वर्गशिक्षकांना मुख्य मुलाबद्दल विचारू नका. विचारा, तेव्हा आसपास कोण असतं?

---

शाईपेन | ५ ऑगस्ट

मी कधी इथे स्वतःबद्दल लिहिलं नाही. आज लिहिते.

मी ती हसणारी होते. सातवीत आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या डोक्यात उवा सापडल्या म्हणून तिला आम्ही एक नाव ठेवलं. ते नाव इथे लिहिणार नाही. मी कधी तिला हात लावला नाही, शिवी दिली नाही. मी फक्त हसायचे, आणि तिने हात लावलेलं पुस्तक दोन बोटांनी उचलायचे, कारण बाकीच्या उचलायच्या. ती आठवीला आलीच नाही. दुसऱ्या शाळेत गेली म्हणाले.

आता माझं वय ४४ आहे. ते नाव मला लख्ख आठवतं. तिचं खरं नाव आठवायला मला वर्गाचा फोटो शोधावा लागला, आणि फोटोत ती कडेला, अर्धी कापलेली आहे.

त्या वेळी मला कुणी एकटीला बोलावून विचारलं असतं, की तू का हसतेस, तर मी थांबले असते असं मला खरंच वाटतं. मला ते आवडत नव्हतंच. उद्या माझ्यावर पाळी येईल याची भीती होती. हसणाऱ्यांशी असंच बोला. त्यांच्यात बरीच घाबरलेली मुलं असतात.

---

वर्धेची | ५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शाईपेन, तुम्हाला हे लिहिणं किती जड गेलं असेल.

मलाही एक कबूल करायचंय. काल रात्री मी त्याच्याजवळ बसले. उपदेश केला नाही, नुसतं विचारलं की तू आजीशी का बोलत नाहीस. खूप वेळाने म्हणाला, "आजीशी बोललो की 'मले' तोंडात येतं. मग शाळेत पण निघतं." आणि मग म्हणाला, "तूच तर म्हणाली होतीस."

म्हणाले होते. मे महिन्यात, सामान लावताना. "आता पुण्यात जातोय, तिथं नीट शुद्ध बोलायचं हं, मले-तुले नाही करायचं." मी स्वतः इथे आल्यापासून भाजीवाल्याशीसुद्धा जपून बोलते. मुलं शाळेत त्याला जे सांगत होती, तेच मी त्याला घरी आधी सांगून ठेवलं होतं. मग तो माझ्याकडे तक्रार घेऊन कशाला येईल? त्याच्या लेखी आम्ही सगळे एकाच बाजूला होतो.

---

घाटवाट | ५ ऑगस्ट, दुपारी १:०५

ताई, स्वतःला इतका दोष देऊ नका. जुना_बाक, तुमचं वाचून विचार करतोय. माझ्या वेळी मी मारलं हे खरं, पण माझे दोन चुलतभाऊ त्याच शाळेत वरच्या वर्गात होते. हे मी लिहिलंच नव्हतं. त्याच्याशिवाय काय झालं असतं, सांगता येत नाही.

---

इंद्रायणीकाठ | ५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

शुद्ध-अशुद्धचं हे दुखणं फार खोल आहे. चक्रधरस्वामींचं चरित्र महानुभावांनी तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला लिहिलं. मराठी गद्याचा पाया मानतात त्याला. ज्या मातीत मराठी गद्य उभं राहिलं, तिथल्या पोराला पुण्यात 'मराठी नीट बोल' म्हणून हसतात याचा मला राग येतो. हे वर्गात सांगायला हवं, आणि सांगायचं काम सरांचं आहे. हसण्याची सुरुवात त्यांच्या हसण्यापासून झाली. मुलांनी ती परवानगीच मानली.

---

फळाखडू | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

सहमत, फक्त एक जपा. "आज हा आपल्याला त्याच्या भाषेत बोलून दाखवेल" असं करून सरांनी त्याला फळ्यासमोर नमुना म्हणून उभं करू नये. पोळा जवळ आलाय, हमखास कुणाला तरी सुचेल की याला तिकडच्या तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याबद्दल, बोलायला लावू. त्याला स्वतःहून वाटलं तर ठीक. बोलींचा तास घ्यायचा तर सरांनी स्वतःच्या आजोळच्या बोलीपासून सुरुवात करावी. पुण्यातल्या वर्गात निम्म्या मुलांचं आजोळ कोकणात, साताऱ्यात, लातुरात असतं. मग प्रत्येकाच्याच घरात एकेक 'मले' निघतो.

---

साक्षीपुरावा | ६ ऑगस्ट, रात्री १०:००

मी वकील आहे, थोडं कायद्याचं. लोक शिक्षणहक्क कायदा २००९ चं कलम १७ पुढे करतात. ते कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं, पण त्याचा रोख मुख्यतः शाळेतल्या मोठ्यांवर आहे. सर वारंवार हसत असतील तर ते लागू पडेल.

मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. तो फक्त कॉलेजांचा आहे असा समज आहे, पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या बरीच रुंद आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. शाळा सीबीएसईची असेल तर त्या मंडळाचं मार्च २०१५ चं परिपत्रक आहे, शाळेत छळविरोधी समिती असावी असं सांगणारं. आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा तशी व्यक्ती हवी, हे त्यात आहे. हे शाळेला शांतपणे विचारता येतं.

अकरा वर्षांच्या मुलांचं प्रकरण पोलिसांपासून सुरू करू नका, असं माझं वकील म्हणूनही मत आहे. पण तोंडी बोलणं थांबवा. तारखा, जागा, काय झालं, कोण आसपास होतं, हे एका पानावर लिहा. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतलेला कागद शाळेत वेगळ्या वेगाने फिरतो.

मुलांना स्वतःला बोलायचं असेल तर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो. मन फार खचलं असेल तर टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. दोन्ही मोफत.

---

कमलपत्र | ७ ऑगस्ट, सकाळी ९:१५

माझी मुलगी शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून एका मोठ्या शाळेत आहे. तिला वर्गात 'आरटीई' म्हणतात. नावाने नाही. मुलांना हे कळलं कसं? ऑफिसातून फी न भरलेल्यांची यादी वाचताना "आरटीईवाले सोडून" असं मोठ्याने म्हणाले म्हणून. साक्षीपुरावा, तुमचा अर्जाचा मुद्दा मी उद्याच वापरते आहे.

---

ओसरी | ७ ऑगस्ट, रात्री ८:४०

मुलींच्या बाबतीत पुष्कळदा दार धरणं वगैरे नसतं, म्हणून दिसत नाही. माझ्या नववीतल्या लेकीला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि तिच्याशिवाय तोच ग्रुप पुन्हा बनवला. शाळा म्हणाली, हे शाळेबाहेरचं. पण सकाळी सात वाजता सगळ्याजणी एकमेकींकडे बघून गप्प होतात ते शाळेतच ना? आमच्या वेळी वाळीत टाकलं तरी घरी आलो की सुटका असायची. आता ते उशाशी असतं. आम्ही फोन काढून घेतला नाही, कारण मग तिने पुढचं काही दाखवलंच नसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि एका मैत्रिणीच्या आईला भेटले. तिला काही माहीतच नव्हतं.

---

वर्धेची | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

थोडं काय काय झालं ते लिहिते.

अर्ज दिला, पोच घेतली. एका पानात नऊ तारखा बसल्या. मी फळाखडूंचा प्रश्न तसाच विचारला: दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमपाशी मधल्या सुट्टीत कोण असतं? मुख्याध्यापिका थांबल्या. मग म्हणाल्या, "कुणीच नसतं." त्या सोमवारपासून तिथे एक मावशी बसतात.

वर्गशिक्षकांशी बोलणं मला अवघड वाटत होतं. मी त्यांना दोष न देता पहिल्या दिवसाचा प्रसंग सांगितला. त्यांना आठवतही नव्हता. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी सांगलीचा आहे ताई. मला पुण्यात पहिल्या वर्षी 'व्हय' म्हटल्यावर हसले होते." त्यांनी वर्गात स्वतःचा तो किस्सा सांगितला. माझ्या मुलाचं नाव घेतलं नाही. मुलांनी आपापल्या आजोळचे शब्द फळ्यावर लिहिले. माझ्या मुलाने काही लिहिलं नाही, असं तो म्हणाला. चालेल.

तीन मुलांशी सर वेगळं बोलले. त्यातला एक आता मधल्या सुट्टीत याच्या बाकावर येऊन बसतो. बोलत फारसे नाहीत, दोघं मिळून क्रिकेटपटूंची यादी करतात.

घरी मी आणि नवरा ठरवून पूर्वीसारखं बोलतो आहोत. पोळ्याला पुरणपोळी केली तेव्हा मी सहज म्हटलं, "काहून बसून राह्यला, ये ना जेवाले." त्याने चमकून बघितलं. काही म्हणाला नाही, जेवायला आला.

---

जुना_बाक | २४ ऑगस्ट, रात्री १०:१०

ताई, "काहून बसून राह्यला" वाचून डोळ्यांत पाणी आलं. एक सांगतो, आता चांगलं चाललंय म्हणून शाळेत जाणं बंद करू नका. माझ्या वेळी पंधरा दिवस सगळे सज्जन झाले होते. सोळाव्या दिवशी पुन्हा सुरू.

---

तुर्कूवासी | २५ ऑगस्ट, सकाळी ११:००

याला दुजोरा. इथे दोन-तीन आठवड्यांनी त्याच शिक्षकांनी पुन्हा भेटायचं ठरलेलंच असतं, काही तक्रार आली नाही तरीही. ती भेट आत्ताच ठरवून घ्या, तारीख घालून.

---

वर्धेची | १४ सप्टेंबर, रात्री ८:२०

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि जुना_बाक म्हणाले तसंच झालं. त्या मुख्य मुलाने व्हॅनमध्ये पुन्हा सुरू केलं, कारण व्हॅनमध्ये सर नाहीत आणि ती तीन मुलंही नाहीत. भेटीची तारीख ठरलेली होती म्हणून चार दिवसांत कळलं. व्हॅनच्या काकांना सांगून याची जागा पुढे, त्यांच्या शेजारी केली. त्या मुलाशी सर एकटे बोलले. त्याच्या घरी काय चाललंय ते मला थोडं कळलंय, इथे लिहिणं योग्य नाही. त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण शाळेच्या समुपदेशक आता त्यालाही भेटतात आणि ते हवंच होतं. त्याच्या वडिलांनी माझा फोन अजून उचललेला नाही.

'मले' हे नाव दोघंतिघं अजून वापरतात. पूर्ण गेलेलं नाही.

आज रविवार. आजीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. तो गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं. पंधरा मिनिटं आत आला नाही. काय बोलला ते मी विचारलं नाही.

---

सोनचाफा२ | १६ सप्टेंबर, सकाळी १०:४५

हा धागा आजच वाचला. माझी मुलगी चौथीत आहे, नाशिकला. दोन आठवडे झाले, सकाळी पोट दुखतं म्हणते, डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळेत सगळं छान आहे असंच सांगते. मला कळत नाही, काही असेल का, का मी उगाच काळजी करतेय? कुठून सुरुवात करू?

---

वर्धेची | १६ सप्टेंबर, सकाळी ११:०२

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पोट दुखतं का ते बघा. तिला थेट "कुणी त्रास देतं का" असं विचारू नका, नाहीच म्हणेल. मधल्या सुट्टीत कुठे बसलीस, शेजारी कोण होतं, एवढं विचारा. आणि आज शाळेतून आली की पाण्याची बाटली उचलून बघा, किती भरलेली आहे ते. काही वाटलं तर इथे लिहा किंवा मला निरोप करा, मी आहे.